पंचनाम्याबाहेरचे नुकसान

धुरामुळे माणसाचे पैशात किती नुकसान होते, हे मोजण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक साबणावरून झाला. साल 1918, शहर मँचेस्टर. तिथल्या हवा-प्रदूषण सल्लागार मंडळाने कामगारांच्या शंभर घरांत आठवड्याच्या धुण्याला काय खर्च येतो ते विचारले आणि स्वच्छ हवेच्या हॅरोगेटमधल्या तशाच शंभर घरांशी ताडून पाहिले. मँचेस्टरच्या घरात इंधन आणि धुण्याचे साहित्य यांपायी आठवड्याला साडेसात पेन्स जास्त जात होते. साडेसात लाख वस्तीच्या शहराला हा भुर्दंड वर्षाला 2 लाख 90 हजार पौंडांच्या वर पडत होता. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 च्या आपल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात ही पाहणी नोंदवली, आणि जाता जाता हेही सांगितले की धुण्याचे जादा कष्ट या रकमेत धरलेले नाहीत. धुणाऱ्या बाईच्या छातीत त्या धुराने काय केले असेल, हा प्रश्न तर पाहणीत नव्हताच.

आपल्या विषयाची सारी अडचण इथे दिसते. ज्या गोष्टीचे खाते आधीपासून उघडलेले असते, तिचे नुकसान चटकन मोजले जाते. साबणाला भाव असतो, पावती असते. फुप्फुसाला नसते.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके बसले. तेव्हा अर्ल्स कोर्टला स्मिथफील्डचे पशुप्रदर्शन भरले होते. तिथली नावाजलेली जनावरे धापा टाकत मेली, त्याची बातमी झाली. माणसे किती गेली ते नंतर, मृत्यूंच्या नोंदी जुळवल्यावर कळले. आकडा निघाला 4,000. पुढचे काही आठवडेही मृत्यू चढेच होते, पण ते इन्फ्लुएन्झाच्या नावावर घातले गेले. मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी 2001 मध्ये तो हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा संख्या 12,000 च्या घरात गेली. खातेदुरुस्तीला जवळजवळ अर्धे शतक लागले, आणि तीही लंडनसारख्या शहरात, जिथे प्रत्येक मृत्यूची नोंद शाबूत होती. आपल्याकडे 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू 22.5 टक्के होते. बाकीच्यांच्या बाबतीत दुरुस्त करायलासुद्धा काही हातात नाही.

आरोग्याचे अर्थशास्त्र आणि पर्यावरणाचे अर्थशास्त्र यांच्या बांधावरचा हा विषय आहे. दोन्हीकडच्या जाणकारांना तो पूर्णपणे आपला वाटत नाही, आणि त्यामुळेच नव्या माणसाला इथे भरपूर जागा आहे. त्याचा मूळ प्रश्न साधा आहे: हवा बिघडली, उन्हाळा तापला, पाणी साचले, तर त्याची किंमत शरीरात कशी उतरते, आणि ती शेवटी कोण भरतो?

एक घर घेऊ. समजा, भिवंडीतल्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार आहे आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे. थंडीत हवा खाली बसली की मुलाची धाप वाढते. रात्री रिक्षाने दवाखाना, मशीन लावून वाफ, दोन दिवसांची औषधे. डॉक्टर आणि औषधांचे 700 रुपये, रिक्षाचे 120, बापाचे दोन खाडे म्हणजे 1,200. एकूण 2,020. आजारपणाचा खर्च मोजण्याची सर्वांत सरळ पद्धत इथे थांबते. मुलाची आई घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापते. त्या दोन दिवसांत तिचा गठ्ठा तसाच पडून राहिला. मोठ्या मुलीने शाळा बुडवून धाकट्याला सांभाळले. भिशीतून उचललेले पैसे पुढचे दोन महिने फेडायचे आहेत. मूल रात्रभर बसून राहिले, आडवे होता येईना म्हणून. यातले काहीही 2,020 मध्ये नाही. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दवाखान्याची फी आणि औषधांची विक्री जमेच्या बाजूला पडते. त्या रात्रीने देशाचे उत्पादन किंचित वाढवले.

हा खर्च घराच्या खिशातून जातो हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्य-खर्चातला 64.2 टक्के भाग लोक थेट खिशातून भरत होते. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण दहातले चार रुपये अजूनही ज्याचे त्यानेच काढायचे आहेत.

मोठे आकडे कसे तयार होतात ते आता पाहू, कारण वर्तमानपत्रात आपल्याला भेटतात ते हेच. जागतिक बँकेने 2016 मध्ये एका अहवालात 2013 सालच्या हवा-प्रदूषणाची किंमत काढली. जगभर सुमारे 55 लाख अकाली मृत्यू. हे लोक जगते तर त्यांनी जी कमाई केली असती ती धरली, तर नुकसान 22,500 कोटी डॉलर. मृत्यूचा धोका टाळण्यासाठी लोक जे द्यायला तयार असतात त्यावरून हिशेब केला, तर 5.11 लाख कोटी डॉलर. मृत्यू तेच, वर्ष तेच आणि फरक बाविसपटीहून जास्त. पहिल्या पद्धतीत सत्तरीच्या आजीची किंमत जवळपास शून्य येते, कारण तिला पगार नाही. दुसरीची बैठक थॉमस शेलिंग यांनी 1968 च्या एका निबंधात घातली. कुणा एका माणसाच्या जिवाची किंमत विचारू नका, असा त्यांचा मुद्दा. हजारो लोकांच्या वाट्याचा छोटासा धोका कमी करायला ते सगळे मिळून काय मोजतील, ते विचारा. विचार हुशार आहे. पण ज्याच्या खिशात काही नाही तो काय मोजणार?

या प्रश्नावर 1995 मध्ये मोठा भडका उडाला. हवामान-बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या दुसऱ्या अहवालाचे सामाजिक-आर्थिक प्रकरण तयार होत होते. डेव्हिड पिअर्स आणि त्यांचे सहकारी यांनी श्रीमंत देशातल्या एका जिवाला 15 लाख डॉलर धरले आणि गरीब देशातल्या जिवाला 1 लाख. पंधरास एक. भारताचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री कमलनाथ यांनी इतर देशांच्या प्रतिनिधींना पत्रे लिहून याला जाहीर विरोध केला. पिअर्स यांचे म्हणणे, आम्ही जिवाला भाव लावत नाही, लोकांची ऐपत मोजतो. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होते. तरी माझे मत विरोधकांच्या बाजूचे आहे. धूर सोडणारा एका देशात आणि मरणारा दुसऱ्या देशात असेल, तर मरणाऱ्याच्या ऐपतीवरून नुकसान ठरवणे म्हणजे गरिबाच्या अंगणात कचरा टाकणे स्वस्त पडते, असे गणिताने सिद्ध करून देणे. ही पद्धत वापरू नये असे मी म्हणत नाही, मीही वापरतो. मात्र आकडा कुठल्या पद्धतीचा, हे विचारल्याशिवाय तो उचलू नये.

भारतापुरते बोलायचे, तर 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये डिसेंबर 2020 ला आलेल्या राज्यवार अभ्यासाने 2019 साली हवा-प्रदूषणामुळे 16.7 लाख मृत्यू धरले आणि आर्थिक नुकसान 3,680 कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या 1.36 टक्के. उत्पन्नाच्या तुलनेत सर्वाधिक झळ उत्तर प्रदेश आणि बिहारला. हा आकडा बुडालेल्या कमाईवर बेतलेला आहे, म्हणजे मघाच्या दोन पद्धतींपैकी कंजूष पद्धतीचा. अशा अभ्यासांत मृत्यूंचा धोका काढायला परदेशी पाहण्यांचा बराच आधार घ्यावा लागतो. त्यांतली सर्वांत गाजलेली हार्वर्डची सहा शहरांची पाहणी, 1993 सालची. स्टूबेनव्हिल या धुरकट पोलादनगरीत मृत्युदर स्वच्छ पोर्टेजपेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघाला होता. पण अमेरिकेचे गुणक दिल्लीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मॉरीन क्रॉपर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दिल्लीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धुळीच्या कणांचा सर्वाधिक परिणाम 15 ते 44 वयोगटात दिसला. अमेरिकेत तो म्हाताऱ्यांत दिसतो. आपल्याकडे कर्ती माणसे जातात, आणि एका मृत्यूमागे बुडणारी वर्षे जास्त असतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा कोरी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी 1970 च्या दशकात शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांची तपासणी करून हवा आणि आजार यांची सांगड घातली होती. त्यात चेंबूर होते. त्याच चेंबूरला लागून, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुल आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत घरे मिळाली. लोक आजारी पडू लागले, आंदोलन झाले, प्रकरण न्यायालयात गेले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यापोटी महिन्याला 15,000 रुपये द्या.

या 15,000 रुपयांकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. घरांच्या किमतींतल्या फरकावरून स्वच्छ हवेची किंमत काढण्याची रीत 1967 पासून, सेंट लुईस शहरावरच्या रिडकर आणि हेनिंग यांच्या अभ्यासापासून चालत आली आहे. इथे न्यायालयाने नकळत तसाच भाव काढला. फरक एवढाच की बाजारात हा भाव घर घेणारा ठरवतो. माहुलमध्ये राहणाऱ्याला निवड नव्हती, म्हणून तो न्यायाधीशाला ठरवावा लागला. न्यायालयीन निकाल हे या विषयातले फार कमी वाचले गेलेले दस्तऐवज आहेत. वकिली शिकलेल्या कुणीतरी ते खणावेत.

उष्णतेकडे वळताना गणित बदलते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षे हृदयाला पोखरतात. ऊन मात्र त्याच दिवशी कामाचे तास खाते. घाम वाळला तरच शरीर निवते. हवेत दमटपणा असला की घाम नुसता ओघळतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर उष्माघाताने 14 माणसे गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

या बाबतीत भारतातच फार चांगले काम झाले आहे. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांनी सुरतचे विणकर, दिल्लीलगतचे शिलाई कामगार आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यातली रुळांची गिरणी, अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणची रोजची नोंद घेतली. देशभरच्या कारखान्यांचे आकडे त्याला जोडले. 2021 मध्ये छापलेला निष्कर्ष असा की वार्षिक तापमान एक अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन साधारण 2 टक्क्यांनी घटते. जिथे यंत्रांसाठी हवा थंड ठेवलेली होती तिथे कामाचा वेग टिकला, पण गैरहजेरी तिथेही वाढली. उघड आहे, कारखाना थंड असला म्हणून कामगाराची पत्र्याची खोली थंड होत नाही. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतली गोष्ट याहून मजेशीर आहे. मालकांनी वीज वाचवायला एलईडी दिवे लावले. हे दिवे कमी तापतात, त्यामुळे शिलाईच्या फळीवर उष्मा घटला आणि कडक उन्हाच्या दिवसांत काम वाढले. अध्वर्यु, काला आणि न्यषधम या संशोधकांनी दाखवले की मालकाच्या हिशेबात हे दुसरे उत्पन्न वाचलेल्या विजेपेक्षाही मोठे होते. ते कुणी मनात धरलेलेच नव्हते.

अहमदाबादमध्ये मे 2010 च्या लाटेत पारा 46.8 अंशांवर गेला. प्रमाणपत्रांवर 'उष्माघात' शोधत बसले असते तर फारसे काही सापडले नसते, कारण उन्हाने गेलेला माणूस कागदावर हृदयविकाराने गेलेला असतो. संशोधकांनी त्या महिन्याचे एकूण मृत्यू आजूबाजूच्या वर्षांशी ताडून पाहिले आणि 1,344 मृत्यू जादा निघाले. त्यावरून 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला.

आता महाराष्ट्राच्या घरच्या विषयावर येतो, ज्यावर मला या प्रस्तावनेत सर्वांत जास्त बोलायचे आहे. 2021-22 चा उसाचा गाळप हंगाम आठवा. ऊस इतका की एरवी मार्च-एप्रिलला आटोपणारे गाळप जूनपर्यंत लांबले. त्याच वर्षीचा मार्च हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च होता. उन्हाने उभा ऊस वाळतो, साखरेचा उतारा घटतो. एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की 1 मेनंतर गाळलेल्या उसाला उताऱ्यातल्या घटीपोटी टनाला 200 रुपये आणि लांबच्या वाहतुकीला वेगळे अनुदान द्यायचे. शेतकरी आणि कारखाना यांच्यासाठी निर्णय रास्त होता. पण उन्हाने उसातली साखर किती उडाली याचा भाव निघाला, आणि तोच ऊस तोडणाऱ्या कोयत्याचा निघाला नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड, अहिल्यानगर, जालना इकडून दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. मजुरी टनावर. पहाटे अंधारात फडात उतरायचे, पाचट अंगाला कापत असते, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा उचलीत चढतो. म्हणून ताप असला, पाळी असली तरी फडात जायचेच. लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याच्या प्रकरणाची चौकशी करायला राज्याने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे सगळे उष्णतेच्या माथी मारणे चूक ठरेल. त्यात दुष्काळ आहे, मुकादमी आहे, खासगी दवाखान्यांचा धंदा आहे. पण खाड्याची भीती शरीराचा निर्णय कसा घेते, हे समजल्याशिवाय उन्हाची किंमत कळणार नाही.

निकाराग्वा आणि एल साल्वादोरमधल्या ऊसतोड कामगारांत तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार गेली दोन-अडीच दशके अभ्यासला जातो आहे. उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी सतत कमी पडणे, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. एल साल्वादोरमध्ये फडात सावली, पिण्याचे पाणी आणि ठरावीक वेळाने विश्रांती देऊन पाहिले, तर दिवसाची तोड वाढली. आपल्याकडे असा अभ्यास करायला साधन हाताशी आहे: कारखान्याचा वजनकाटा. कुठल्या टोळीने कुठल्या दिवशी किती टन ऊस आणला, ही नोंद बिलासाठी ठेवावीच लागते. तिला तालुक्याचे तापमान जोडा. कॅलिफोर्नियातल्या फळतोड्यांवर ग्राफ झिविन आणि नायडेल यांनी 2012 मध्ये नेमके असेच केले. नगावर मजुरी असलेल्या मजुरांची रोजची तोड आणि हवेतला ओझोन त्यांनी शेजारी मांडला, आणि ओझोन वाढला की तोड घटते हे दाखवले.

कोळशाबद्दल थोडे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट, भोवती खाणी, आणि मे महिन्यात पारा 47 च्या वर. धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनचा हिशेब सगळ्या जगात आणि पुढच्या शतकात वाटला जातो. राख आणि बारीक कण यांचा बराचसा हिशेब याच जिल्ह्यात, याच वर्षी लागतो. म्हणून धूर कमी करण्याचा फायदा 'जगासाठी त्याग' या भाषेत मांडला की चंद्रपूरवर अन्याय होतो. त्यातला मोठा वाटा तिथल्याच लोकांचा आहे.

सरकारी दप्तरात मात्र अजून वस्तूंचेच राज्य आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. नंतर घरांचे, दुकानांचे पंचनामे झाले. पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. तिच्यात बुडालेले रोज आणि झालेली कर्जे पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात लिहिणार? पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातल्या आपत्तींच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट होती, टोळधाडीसारखा किडींचा हल्ला होता, उष्णतेची लाट नव्हती. आणि हवेचे म्हणाल, तर बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली 5. या दोहोंच्या मध्ये जे आजारपण आहे ते कायद्याच्या दृष्टीने घडतच नाही.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचले पाहिजे असे नाही. आशा सेविका, तालुक्याचा वार्ताहर, कामगार संघटनेचा कार्यकर्ता यांनी उष्णता आणि श्रमावरचे प्रकरण आधी घ्यावे. तिथे बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जादा मृत्यूंच्या पद्धतीपासून सुरुवात करावी. अर्थशास्त्रवाल्यांना जिवाच्या किमतीचे प्रकरण सवयीचे वाटेल. त्यांनी ते शेवटी वाचावे आणि त्याआधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीचे एप्रिल-मेचे दोन महिने उतरवून काढावेत. चक्कर, उलटी, अशक्तपणा, 'सलाईन लावले' अशा नोंदी दिसतील. त्यांतल्या किती उन्हाच्या, हे ओळखायची रीत चौथ्या प्रकरणात दिली आहे. ती कोकणात चालते की नाही, हे अजून कुणी तपासलेले माझ्या पाहण्यात नाही. तिथला दमटपणा वेगळा आहे, आंबा उतरवण्याचा हंगाम नेमका त्याच दोन महिन्यांत येतो, आणि झाडावर चढणारे गडी बहुतेक बाहेरून आलेले असतात, त्यामुळे गावच्या नोंदवहीत ते सापडायचे नाहीत. तिथे वही आरोग्य केंद्राची नको, बागायतदाराच्या मजुरीची मागावी.